सार्वजनिक संस्थांनीं निवडणुकींत कोठवर बोलावें?

निवडणूक जवळ आली कीं उमेदवारांच्या घरीं जशी धांदल उडते तशीच ती कित्येक सार्वजनिक संस्थांच्या कार्यालयांतहि उडते. एखादें वाचनालय, विद्यार्थ्यांचें वसतिगृह, रुग्णांस औषधपाणी पुरविणारें मंडळ, ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारी समिति, देवस्थानाची पंचकमिटी, अशा संस्थांस एरवीं राजकारणाचा वारा फारसा लागत नाहीं. परंतु मतदानाचा दिवस ठरतांच कोणी सभागृह मागावयास येतो, कोणी सभासदांच्या पत्त्यांची यादी मागतो, तर कोणी कार्यकारी मंडळानें आपल्या बाजूनें एक लहानसें पत्रक काढावें अशी गळ घालतो. मागणारा बहुधा ओळखीचा असतो. त्यानें पूर्वीं संस्थेस मदतहि केलेली असते. नाहीं म्हणावें तर वाईटपणा येतो, होय म्हणावें तर नियमभंग होईल अशी धास्ती वाटते. मग कांहीं संस्था डोळे मिटून रुकार देतात, आणि कांहीं इतक्या भितात कीं, निवडणूक संपेपर्यंत पाणी, शाळा, दवाखाना या नित्याच्या प्रश्नांविषयींहि तोंड उघडीत नाहींत.

या दोन्ही वागणुकी समाजास सारख्याच घातक आहेत. पहिलीनें संस्था विकली जाते, दुसरीनें ती मुकी होते. ज्या नगरांतील संस्था विकल्या गेल्या तेथें लोकांचा विश्वास ठेवावयास जागा उरत नाहीं. आणि ज्या नगरांतील संस्था मुक्या झाल्या तेथें मतदारास उमेदवारांच्या जाहिरातींपलीकडे कांहींच ऐकावयास मिळत नाहीं. म्हणून कायद्यानें रेघ कोठें ओढली आहे, आणि ती तेथेंच कां ओढली आहे, हें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें जाणून घेणें अगत्याचें आहे; कारण अशा कुटुंबांतील कोणी ना कोणी कोठल्या तरी संस्थेचा सभासद, देणगीदार किंवा विश्वस्त असतोच.

मुळांत संस्थांस असे नियम कां असावेत? कोणताहि नागरिक आपल्या पसंतीच्या उमेदवारास उघड पाठिंबा देऊं शकतो. चार नागरिक मिळून पक्षहि काढूं शकतात. मग तेच नागरिक एकत्र येऊन दवाखाना चालवूं लागले म्हणजे त्यांच्या तोंडावर हात कां ठेवावा? याचें उत्तर 'धर्मादाय' या शब्दांत आहे. ज्या संस्थेचा हेतु धर्मादाय ठरतो तिला सरकार एक मोठी सवलत देतें. ठराविक अटी पाळल्या असतां तिच्या उत्पन्नावर प्राप्तिकर बसत नाहीं, आणि तिला देणगी देणारासहि करांत सूट मिळूं शकते. सरकारनें असा सोडून दिलेला कर शेवटीं इतर करदात्यांच्या पैशांतून भरून निघतो, आणि हे करदाते सर्व पक्षांचे असतात. एका उमेदवाराच्या प्रचारावर धर्मादाय संस्थेनें शंभर रुपये खर्चिले तर त्यांतला कांहीं अंश त्याच्या प्रतिस्पर्ध्यास मत देणाऱ्या माणसाकडूनहि घेतल्यासारखें होतें. दवाखान्याच्या बाबतींत ही तक्रार कोणी करीत नाहीं, कारण दवाखान्याचें दार सर्वांस उघडें असतें. उमेदवाराचा विजय मात्र सर्वांचा नसतो.

धर्मादाय म्हणजे काय याची फोड इंग्लंडांत फार पूर्वीं झाली. १८९१ सालीं पेम्सेल यांच्या खटल्यांत लॉर्ड मॅक्नॉटन यांनीं तिचे चार वर्ग सांगितले: दारिद्र्यनिवारण, शिक्षण, धर्म, आणि समाजास हितकारक अशीं इतर कार्यें. त्याच सुमारास, म्हणजे १८९० सालीं, हिंदुस्थानांत धर्मादाय देणग्यांचा जो कायदा झाला त्यांत गरिबांस साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सार्वजनिक उपयुक्ततेचें इतर कोणतेंहि कार्य, असा अर्थ दिला गेला. हा शेवटचा भाग फार ऐसपैस आहे. त्यांत विहीर बसते, वाचनालय बसतें, व्यायामशाळाहि बसते. मग देशाचें राजकारण त्यांत कां बसूं नये, असा प्रश्न उठणें साहजिकच होतें.

त्यावर १९१७ सालीं इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढें आलेल्या बोमन यांच्या खटल्यांत लॉर्ड पार्कर यांनीं जें कारण दिलें तें पुढें सर्वत्र आधार म्हणून घेतलें गेलें. राजकीय हेतु वाईट आहे किंवा बेकायदेशीर आहे असें त्यांचें म्हणणें नव्हतें. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, अमुक कायदा बदलल्यानें लोकांचें हित होईल कीं अहित, हें ठरविण्याचें साधन न्यायालयापाशीं नाहीं. आंधळ्यांची शाळा लोकहिताची आहे हें न्यायाधीश सांगूं शकतो. परंतु अमुक मतप्रणाली लोकहिताची आहे हें त्यानें सांगावयाचें म्हटलें तर तो न्यायाधीश न राहतां मतदार होईल. तो निवाडा मतपेटीचा आहे, न्यायालयाचा नव्हे. या विचारांत राजकारणाचा अनादर नाहीं, उलट मतदाराचा अधिकार राखण्याची दृष्टि आहे.

हिंदुस्थानांत या तत्त्वाची परीक्षा तीन प्रसिद्ध प्रकरणांत झाली, आणि तिन्ही प्रकरणांशीं मोठीं नांवें निगडित आहेत. पहिलें लाहोरचें. सरदार दयालसिंग मजिठिया यांनीं १८८१ सालीं तेथें 'ट्रिब्यून' हें इंग्रजी पत्र काढलें आणि मृत्युपत्रानें तें विश्वस्तांच्या स्वाधीन केलें. या पत्राच्या उत्पन्नावर प्राप्तिकर बसावा कीं नाहीं हा वाद थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. पत्र राजकीय विषयांवर लिहितें, तेव्हां त्याचा हेतु धर्मादाय कसा, असा आक्षेप होता. १९३९ सालीं निकाल विश्वस्तांसारखा झाला. प्रांतास सुशिक्षित लोकमताचें एक मुखपत्र मिळवून देणें हा सार्वजनिक उपयुक्ततेचा हेतु आहे, आणि पत्रांत राजकीय चर्चा येते एवढ्यावरून तो बाधित होत नाहीं, असा त्याचा मथितार्थ होता.

दुसरें प्रकरण विठ्ठलभाई पटेल यांच्या मृत्युपत्राचें. मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले लोकनियुक्त हिंदी अध्यक्ष असलेले विठ्ठलभाई १९३३ सालीं स्वित्झर्लंडांत वारले. आपल्या मालमत्तेचा उरलेला भाग त्यांनीं सुभाषचंद्र बोस यांच्याकडे सोंपविला, आणि तो हिंदुस्थानच्या राजकीय उन्नतीसाठीं, विशेषतः परदेशांत देशाची बाजू मांडण्यासाठीं, खर्च करावा असें लिहून ठेवलें. वारसांनीं हरकत घेतली. मुंबई हायकोर्टांत ती व्यवस्था टिकली नाहीं. राजकीय उन्नति हे शब्द मोघम आहेत, आणि राजकीय हेतु धर्मादाय होत नाहीं, अशा विचारानें ती रद्द झाली. ज्या कार्यासाठीं त्या देशभक्तानें पैसा ठेवला तें कार्य थोर होतें यांत शंका नाहीं. पण धर्मादाय या सदराखालीं तें बसेना.

तिसरें प्रकरण महाराष्ट्रास अधिक जवळचें आहे. मुंबई राज्यांत १९५० सालीं सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा कायदा झाला. तोच आज महाराष्ट्राच्या नांवानें चालतो. या कायद्याप्रमाणें धर्मादाय संस्थांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे करावी लागते. पुण्याच्या 'केसरी-मराठा ट्रस्ट'ला हा कायदा लागू आहे काय, असा वाद निघाला, आणि विश्वस्तांच्या वतीनें लक्ष्मण बळवंत भोपटकर विरुद्ध धर्मादाय आयुक्त असा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. येथें वादाची दिशा नेहमींच्या उलट होती. ट्रस्ट धर्मादाय नाहीं, त्याचा हेतु राजकीय आहे, असें विश्वस्तांचेंच म्हणणें होतें. १९६२ सालीं सुप्रीम कोर्टानें ठरविलें कीं, राजकीय हेतु हा त्या कायद्याच्या अर्थानें धर्मादाय हेतु नव्हे, आणि 'सार्वजनिक उपयुक्ततेचें इतर कार्य' या शब्दांतहि तो येत नाहीं.

'ट्रिब्यून' आणि 'केसरी' हीं पत्रें एकाच सालीं, १८८१ मध्यें, जन्मास आलीं. दोहोंनीं लोकांस जागें केलें. तरी एकाचा हेतु धर्मादाय ठरला आणि दुसऱ्याचा ठरला नाहीं. यांत लोकमान्यांच्या सेवेचें मोल कमी झालें असें कोणी समजूं नये. कायद्यानें पत्राचें महत्त्व तोललें नाहीं, त्यामागील मुख्य हेतु पाहिला. एका ठिकाणीं मुख्य हेतु लोकमताचें शिक्षण हा होता आणि राजकारण त्यांत ओघानें येत होतें. दुसऱ्या ठिकाणीं राजकारण हाच मुख्य हेतु होता. मुख्य हेतु आणि ओघानें आलेलें काम यांतला हा भेद ज्यास समजला त्यास या विषयाची किल्ली सांपडली असें समजावें.

येथें आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. संस्थांच्या नोंदणीचा १८६० चा जो जुना कायदा आहे त्यांत १९२७ सालीं 'राजकीय शिक्षणाचा प्रसार' हे शब्द घालण्यांत आले. म्हणजे लोकांस राजकीय शिक्षण देण्यासाठीं संस्था काढणें हें कायद्यानें मान्य केलेलें कार्य आहे. मात्र संस्था म्हणून नोंद होणें वेगळें आणि धर्मादाय म्हणून करांत सवलत मिळणें वेगळें. ज्यांस पक्षाचें काम करावयाचें आहे त्यांस कोणी अडविलेलें नाहीं; त्यांनीं तें पक्ष म्हणून करावें, धर्मादायाच्या पांघरुणाखालीं करूं नये, एवढेंच कायद्याचें सांगणें आहे.

तर मग धर्मादाय संस्थेनें कायद्याविषयीं, सरकारी धोरणाविषयीं बोलूंच नये काय? तसें मानणें मोठी चूक होईल. रुग्णांची सेवा करणाऱ्या मंडळास सरकारी दवाखान्यांतील औषधांच्या टंचाईविषयीं बोलावेंच लागेल. शाळा चालविणारास शिक्षणाच्या कायद्यावर मत द्यावेंच लागेल. अलीकडील तीन उदाहरणें घेतलीं म्हणजे हें स्पष्ट होईल.

राजस्थानांत १९९० सालीं स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ति संघटनेनें गांवोगांवच्या सरकारी कामांचे हिशेब लोकांपुढें जाहीर वाचले जावेत म्हणून चळवळ केली. १९९४ पासून तिनें जनसुनावण्या भरविल्या. कोणत्या मजुरास किती रोजी दिली म्हणून कागदोपत्रीं लिहिलें आहे तें वाचून दाखवावयाचें, आणि तो मजूर उभा राहून आपल्या हातीं प्रत्यक्ष काय पडलें तें सांगावयाचा. या आणि अशाच इतर प्रयत्नांतून २००५ सालीं माहितीच्या अधिकाराचा कायदा देशास मिळाला.

महाराष्ट्रांत डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं १९८९ सालीं स्थापन केलेल्या समितीनें जादूटोण्याच्या नांवाखालीं होणाऱ्या फसवणुकीविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षें प्रयत्न केले. मधल्या काळांत राज्यांत निरनिराळ्या पक्षांचीं सरकारें आलीं आणि गेलीं. मागणी प्रत्येकापुढें तीच राहिली. २० ऑगस्ट १९१३ रोजीं जन्मलेल्या एखाद्या वृद्धास शंभर वर्षें पूर्ण व्हावींत त्याच दिवशीं, म्हणजे २० ऑगस्ट २०१३ रोजीं, पुण्यांत भर रस्त्यावर डॉक्टरांचा खून झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत विधिमंडळानें कायदा केला.

तिसरें उदाहरण खुद्द निवडणुकीचेंच आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेंतील कांहीं प्राध्यापकांनीं १९९९ सालीं लोकशाही सुधारणांसाठीं एक मंडळ काढलें आणि उमेदवारांवरील फौजदारी खटले मतदारास कळले पाहिजेत अशी मागणी न्यायालयांत केली. २ मे २००२ रोजीं सुप्रीम कोर्टानें ती मान्य केली. उमेदवारानें आपल्यावरील खटले, आपली मालमत्ता व देणें, आणि आपलें शिक्षण जाहीर करावें असें ठरलें. संसदेनें हा निकाल आंखडता घेणारें कलम घातलें तें १३ मार्च २००३ रोजीं सुप्रीम कोर्टानें रद्द केलें. त्या वेळीं पुढें आलेल्या संस्थांपैकीं लोकस्वातंत्र्य संघटनेच्याच अर्जावर २७ सप्टेंबर २०१३ रोजीं 'वरीलपैकीं कोणीही नाहीं' असें मत देण्याची सोय झाली. पक्षांस निनांवी देणग्या देण्याची निवडणूक रोख्यांची योजना १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं घटनाबाह्य ठरली, तीहि मुख्यतः अशा संस्थांच्या अर्जांवरूनच. हें सर्व काम निवडणुकीशीं निगडित आहे. परंतु त्यांत अमुकास मत द्या असें कोठेंहि नाहीं. सर्व उमेदवारांस एकच मोजमाप लावलेलें आहे. रेघ येथें आहे. प्रश्नाविषयीं बोलणें हा संस्थेचा अधिकार आहे, किंबहुना तिचें कर्तव्य आहे. उमेदवाराचें पारडें जड किंवा हलकें करण्यास हात लावणें मात्र तिचें काम नव्हे.

याखेरीज निवडणुकीचे म्हणून जे नियम आहेत ते केवळ धर्मादाय संस्थांस नव्हेत, सर्वांसच लागू आहेत. त्यांतील एक फार जुना व मनोरंजक आहे. १९२० सालीं पिनल कोडांत निवडणुकीच्या गुन्ह्यांचें एक प्रकरण घालण्यांत आलें. त्यांतील १७१-एच कलमाप्रमाणें, उमेदवाराच्या लेखी परवानगीवांचून त्याच्या विजयासाठीं सभा, जाहिरात किंवा पत्रक यांवर खर्च करणें हा गुन्हा ठरला. खर्च दहा रुपयांपर्यंतच असेल आणि दहा दिवसांचे आंत उमेदवाराची लेखी संमति मिळविली असेल तर तेवढी माफी. १ जुलै २०२४ पासून पिनल कोडाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिच्या १७६ व्या कलमांत दंडाची मर्यादा पांचशेंवरून दहा हजारांवर गेली, पण ते दहा रुपये मात्र १९२० पासून जागचे हालले नाहींत.

हा नियम कशासाठीं आहे तें ध्यानीं घेतलें पाहिजे. उमेदवाराच्या खर्चास कायद्यानें मर्यादा आहे. २०२२ सालीं ती महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यांत लोकसभेसाठीं ९५ लक्ष आणि विधानसभेसाठीं ४० लक्ष रुपये ठरविण्यांत आली. उमेदवाराच्या मित्रांनीं व संस्थांनीं वाटेल तितका खर्च बाहेरून करावयाचा म्हटलें तर या मर्यादेस अर्थ राहणार नाहीं. दिल्लीच्या सदर मतदारसंघांतील १९७१ च्या निवडणुकीवरून झालेल्या खटल्यांत १९७४ सालीं सुप्रीम कोर्टानें हेंच सांगितलें: उमेदवाराच्या माहितीनें पक्षानें त्याच्यासाठीं खर्च केला तर तो उमेदवाराच्याच हिशेबीं धरावा. सत्ताधाऱ्यांस हें अडचणीचें वाटलें. त्याच वर्षीं कायद्यांत दुरुस्ती होऊन पक्षानें किंवा इतर कोणत्याहि मंडळानें केलेला खर्च उमेदवाराच्या हिशेबांत धरूं नये असें ठरलें. जवळजवळ तीस वर्षें हें दार उघडें राहिलें. २००३ सालीं ती सवलत काढून घेण्यांत आली. पक्षाच्या पुढाऱ्यांच्या प्रवासखर्चापुरती ती ठेवली, इतर मंडळांची मात्र बंद झाली.

पत्रकें व भिंतीवरील जाहिराती यांसहि नियम आहे. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याच्या १२७-अ कलमाप्रमाणें अशा प्रत्येक कागदावर छापणाराचें व प्रकाशकाचें नांव व पत्ता असला पाहिजे. उमेदवारास अनुकूल कागदाइतकाच त्यास प्रतिकूल कागदहि यांत येतो. निनांवी निंदापत्रकें वाटणारांनीं हें विसरूं नये. तसेंच १२६ व्या कलमान्वयें मतदान संपण्याच्या वेळेपूर्वींचे अठ्ठेचाळीस तास सभा, मिरवणुका, चित्रपट, दूरचित्रवाणी, संगीताचे जलसे, नाटकें अशा साधनांनीं निवडणुकीचा प्रचार करतां येत नाहीं. मतदारास शांतपणें विचार करावयास मिळावा हा त्याचा हेतु.

देवळें, मशिदी, गुरुद्वारें, मठ यांच्या बाबतींत कायदा अधिक कडक आहे. १९८८ च्या कायद्याप्रमाणें धर्मस्थानाची जागा कोणत्याहि राजकीय कामासाठीं वापरतां येत नाहीं. येथें उमेदवाराच्या प्रचाराबरोबरच राजकीय स्वरूपाच्या प्रश्नांचा प्रचारहि मना आहे, आणि शिक्षा पांच वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. देवापुढें येणारा माणूस कोणत्या पक्षाचा आहे हें कोणी विचारीत नाहीं. ती निर्वेधता राखणें हें या कडकपणाचें कारण.

परदेशांतून येणाऱ्या पैशाचाहि वेगळा कायदा आहे. तो प्रथम १९७६ सालीं झाला व २०१० सालीं नव्यानें करण्यांत आला. उमेदवार, पक्ष व राजकीय स्वरूपाच्या संघटना यांस परदेशी देणगी घेण्यास मनाई आहे. परंतु राजकीय स्वरूपाची संघटना कोणती? २०११ च्या नियमांत बंद, हरताळ, रास्तारोको अशा मार्गांचा नेहमीं अवलंब करणारी संघटनाहि त्यांत गोंवली होती. ६ मार्च २०२० रोजीं सुप्रीम कोर्टानें या नियमाचा अर्थ आवरून घेतला. पक्षीय किंवा सक्रिय राजकारणाशीं संबंध नसतां, केवळ लोकांच्या प्रश्नासाठीं सनदशीर मार्गानें विरोध करणाऱ्या संस्थेस राजकीय म्हणून या हक्कापासून दूर ठेवतां येणार नाहीं, असा तो निकाल आहे. येथेंहि पुन्हा तीच रेघ आढळते.

कायदा एवढें सांगतो. परंतु संस्थेच्या चिटणिसापुढें जे प्रश्न येतात ते याहून बारीक असतात. या बाबतींत अमेरिकेचा अनुभव उपयोगी पडण्यासारखा आहे. तेथें १९५४ सालीं टेक्ससचे सिनेटर लिंडन जॉन्सन यांच्या सूचनेवरून प्राप्तिकराच्या कायद्यांत असें घालण्यांत आलें कीं, धर्मादाय संस्थेनें कोणाहि उमेदवाराच्या प्रचारांत भाग घेऊं नये. चर्चमधील प्रवचनांस हें कोठवर लागू करावें याविषयीं तेथें मोठे वाद झाले. कायदे करविण्याच्या खटपटीवर मात्र तेथें बंदी नाहीं, तिला प्रमाण आहे. १९७६ च्या कायद्याप्रमाणें ज्या संस्था ही पद्धति पत्करतात त्यांस पहिल्या पांच लक्ष डॉलरांच्या खर्चापैकीं शेंकडा वीसपर्यंत खर्च अशा खटपटीवर करतां येतो. पुढें हें प्रमाण उतरत जातें, आणि एकंदर दहा लक्ष डॉलरांपलीकडे जाऊं देत नाहींत. २००७ सालीं तेथील प्राप्तिकर खात्यानें एकवीस उदाहरणें देऊन काय चालेल आणि काय चालणार नाहीं हें समजावून सांगितलें. तो कायदा आपला नव्हे. पण त्या उदाहरणांतील तारतम्य कोणत्याहि देशांतील संस्थेस पटेल असें आहे.

सभागृहाचें उदाहरण घ्या. संस्थेचें सभागृह नेहमीं भाड्यानें दिलें जात असेल तर तें सर्व उमेदवारांस एकाच दरानें व एकाच नियमानें द्यावें. एकास फुकट आणि दुसऱ्यास नकार असें होऊं नये. सभासदांच्या यादीसहि हाच न्याय. उमेदवारांस व्याख्यानास बोलवावयाचें तर सर्वांस बोलवावें, सर्वांस सारखा वेळ द्यावा, आणि प्रश्न विचारणारा मनुष्य निःपक्षपाती असावा. उमेदवारांचीं उत्तरें छापावयाचीं तर अनेक विषयांवरचीं छापावींत. एकाच विषयावर प्रश्न विचारून, संस्थेचें मत शेजारीं छापून, कोणाचें उत्तर त्याशीं जुळतें तें दाखविणें म्हणजे नांव न घेतां शिफारस करणेंच होय.

वेळेचाहि विचार करावा लागतो. जी संस्था बारा महिने पाण्याच्या प्रश्नावर लिहीत आली आहे तिनें निवडणुकीच्या महिन्यांतहि लिहावें. परंतु पांच वर्षें गप्प बसलेल्या संस्थेस मतदानाच्या आठवड्यांतच एकाएकीं एका नगरसेवकाच्या गैरकारभाराची आठवण व्हावी, हें कोणासहि संशयास्पद वाटेल. राहतां राहिला विश्वस्तांचा स्वतःचा अधिकार. विश्वस्त झाल्यानें मनुष्याचें नागरिकत्व जात नाहीं. त्यानें स्वतःच्या नांवानें, स्वतःच्या पैशानें, स्वतःच्या वेळांत पाहिजे त्या पक्षाचें काम करावें. मात्र संस्थेचा कागद, शिक्का, नोकर आणि व्यासपीठ यांस त्या कामीं हात लावूं नये. संस्थेच्या वार्षिक सभेंत अध्यक्षांच्या खुर्चीवरून केलेली शिफारस ही खाजगी मत म्हणून खपत नाहीं.

एवढी काळजी घेऊनहि कोणी म्हणेल, ही सारी कसरत कशासाठीं? एखादा उमेदवार खरोखरच प्रामाणिक असेल, आणि संस्थेच्या कार्यास त्याच्यामुळें बळ येणार असेल, तर त्यास साहाय्य केल्यानें बिघडलें कोठें? बिघडतें तें असें. आज निवडून आलेला मनुष्य उद्यां पडतो, परवां पक्ष बदलतो. ज्या संस्थेनें त्याच्या पदरास गांठ मारून घेतली ती त्याच्याबरोबरच फरफटत जाते. तो पडला तर नव्या अधिकाऱ्यांच्या मनांत तिच्याविषयीं अढी बसते. तो निवडून आला तर त्याच्या चुका दाखविण्याचें तोंड तिला राहत नाहीं. दुसऱ्या पक्षाचे देणगीदार हात आंखडतात. आणि सर्वांत मोठी हानि ही कीं, ज्या गरजू माणसाचें मत दुसरीकडे आहे तो तिच्या दारांत येतांना बिचकूं लागतो.

उलट, जी संस्था कोणाचीच झाली नाहीं ती सर्वांस विचारूं शकते. नळास पाणी कां नाहीं, शाळेस शिक्षक कां नाहींत, दवाखान्यांत औषध कां नाहीं, हा तिचा प्रश्न प्रत्येक उमेदवारास सारखाच टोंचतो, कारण त्यामागें कोणाचा स्वार्थ दाखवितां येत नाहीं. म्हणून निवडणुकीच्या दिवसांत कार्यकारी मंडळापुढें कोणतीहि सूचना आली कीं तिच्यांतील उमेदवाराचें नांव काढून ती पुन्हा वाचावी. नांव काढल्यावरहि तिच्यांत लोकांच्या कामाचें कांहीं उरत असेल तर ती निर्भयपणें मंजूर करावी आणि मोठ्यानें सांगावी. नांव काढतांच तिच्यांत कांहींच उरत नसेल, तर ती मागणाराकडे नम्रपणें परत पाठवावी.